बेचाळीस मुद्दे आणि दुसऱ्या मजल्यावरचं घर

घर घेणाऱ्यांना मी आवर्जून सांगते, घर किमान तीन वेळा बघा. सकाळी पाण्यासाठी, दुपारी उन्हासाठी आणि संध्याकाळी शेजाऱ्यांसाठी. सल्ला बरोबरच आहे. माझ्या बाबतीत तो जरा जास्तच बरोबर ठरला.

आम्ही मुलुंडला भाड्याने राहत होतो. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी मेअखेरीस जागा मोकळी करून मागितली. अकरा वर्षांतलं ते आमचं चौथं घर होतं. आता पाचवं भाड्याचं नको, स्वतःचंच घ्यायचं, असं नवऱ्याने आणि मी ठरवलं. हातात चार महिने होते. मी एक वही केली आणि तिच्यात बेचाळीस मुद्दे लिहिले. सगळे नळ एकदम सोडून बघणे. माळ्यामागच्या भिंतीला हात लावून ओल तपासणे. एजंटच्या आकड्यावर न जाता खोल्या स्वतः टेपने मोजणे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे ते पाहणे. पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला विचारणे. वॉचमनला कमिशन मिळत नाही, त्यामुळे तो खरं सांगतो.

नवव्या घरावर मन बसलं. दुसरा मजला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, मालवणकडचं वयस्कर जोडपं. वरच्या बाथरूमचं पाणी स्वयंपाकघरात ठिबकतं, वरचा ऐकत नाही, सोसायटी लक्ष देत नाही, त्यापेक्षा विकून गावी जाऊन राहू, असं काकूंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. इतका प्रामाणिक विक्रेता मला आधीच्या आठ घरांत भेटला नव्हता.

मी सकाळी गेले, दुपारी गेले, संध्याकाळी गेले. काही मुद्दे राहिले म्हणून परत गेले. चौथ्या फेरीला काकूंनी न विचारता चहा टाकला. सहाव्या फेरीला गॅसचा सिलिंडर मीच घेतला, कारण काका बाजारात होते आणि काकू अंघोळीला. वॉचमन त्यांची पार्सलं माझ्याकडे देऊ लागला.

एकूण एकोणीस दोष निघाले. इथे मी चूक केली. दोष दाखवले की भाव उतरतो, असं सगळेच सांगतात. मी यादी टाइप केली, प्रत्येक दोषासमोर तो कसा दुरुस्त होईल, कोण करेल, किती दिवस लागतील ते लिहिलं आणि कागद काकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. इतक्या वर्षांत आम्हाला असं कुणी लिहून दिलं नाही, म्हणाले. मला वाटलं, भाव उतरला.

पुढच्या रविवारी गेले तर घरात प्लंबर. यादी माझी, म्हणून त्याच्याजवळ मला उभं केलं. नवरा म्हणाला, "तू घर घेतेयस की दुरुस्त करतेयस?" मी म्हटलं, आपलंच तर होणार आहे.

शेवटी गळती तेवढी राहिली. मी वर गेले. दार एका चाळिशीच्या गृहस्थांनी उघडलं.

"तुम्ही कोण?"

"खालचं घर घेणारी."

"घेतलं?"

"अजून नाही."

"मग गळतंय कोणाचं?"

प्रश्न रास्त होता. तरी मी त्यांना बाथरूममध्ये नेऊन फरशीच्या फटी दाखवल्या, खालच्या छताचे फोटो दाखवले, आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. सोसायटीला काकूंच्या सहीने दोन पत्रं दिली. सोसायटीच्या मीटिंगला काकूंच्या शेजारी बसले, तर इतिवृत्तात उपस्थित सभासदांमध्ये माझं नाव लागलं. चौदाव्या दिवशी वरची बाथरूम फोडून नवी करायला घेतली.

एप्रिलच्या सुरुवातीला मी टोकनचा चेक घेऊन गेले. काकूंनी आधी घावणे वाढले. मी दुसऱ्या घावण्यावर असताना त्या म्हणाल्या, "घर आता रवूक बरा झाला गो. आता कित्याक इकूचा?"

विकायचा बेतच रद्द. काका खाली बघत होते. गावी पाणी भरायला विहिरीवर जावं लागतं, हेही त्यांनी हळूच सांगितलं. वाद घालायला मला मुद्दाच सापडेना. एकोणीसच्या एकोणीस ओळींपुढे मीच 'झालं' लिहिलं होतं. घरी सांगितल्यावर नवरा मोबाइलवर भाड्याच्या जाहिराती बघत बसला. मेअखेर आठ आठवड्यांवर होती.

दोन दिवसांनी काकूंनी घावणे बांधून दिलेला डबा परत करायला गेले, तर जिन्यात वरचे गृहस्थ भेटले.

"राहायला कधी येताय?"

मी सांगितलं, येत नाही, काकूंनी बेत रद्द केला. ते जिन्यातच थांबले.

"तुम्ही खाली येणार कळलं तसा मी ठाण्याला फ्लॅट बघितला," ते म्हणाले. "टोकन देऊन बसलोय हो. आता हे विकावंच लागणार."

त्यांच्या घरात मी एकदाच गेले होते, तेही भांडायला. वही पर्समध्ये होती. ती बाहेर न काढता मी विचारलं, "मेअखेरीच्या आत रिकामं कराल?"

"पंधरा मेला करतो," ते म्हणाले. "बाथरूम तर तुम्ही बघितलीच आहे."