नव्या वाटेने आलेले मेल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते अमरावतीच्या आमच्या कॉलेजात सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांचे. इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीने, म्हणजे आयपीव्ही सिक्सने, किती ईमेल येतात ते सर दर महिन्याला मोजत. आकडा लहानच असे; तो दिसला की चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळत. आकडा वाढला नाही तर ही व्यवस्था बंद करू, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

मी म्हणालो, "सर, स्पॅमही धरा ना. आकडा मोठा दिसन."

"कचरा कावून मोजू बाप्पा? मले लोकायचे मेल मोजाचे हायेत."

सरांनी प्राचार्यांना तो लहान आकडाच दिला आणि व्यवस्था बंद झाली.

पुढे अकोल्याला नोकरी लागल्यावर मी त्यांना लिहिलं: "सर, इथे आयपीव्ही सिक्स सुरू केलं. स्पॅम वगळून आकडा फार लहान आला. साहेबांना तोच दिला. ते वैतागले. आकडा पाहून तुम्ही डोळे का चोळायचे, ते आता कळतं."