माझं पहिलं गिऱ्हाईक

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा मी कारखान्याच्या लॅबमधली नोकरी सोडली, आणि बऱ्याच वर्षांनी ती गेली तेव्हा मला घरात कामच उरलं नाही. मग या वयात म्युच्युअल फंडाची परीक्षा दिली आणि वसईतल्या एका सल्लागार मॅडमच्या ऑफिसात चिकटलो. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, दोन महिन्यांत एक तरी गिऱ्हाईक आणा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

भुईगावच्या एका वाडीवाल्या काकांनी वेळ दिली. नवा पांढरा शर्ट, वर टाय. आरशात मी लग्नातला बँडवाला दिसत होतो.

चक्रवाढीचं पहिलंच वाक्य बोललो आणि आतून कण्हणं ऐकू आलं. त्यांची बायको, अर्धांगवायू झालेली, उशीवरून घसरून वाकडी पडलेली. हातांनी मला विचारलंच नाही. तिला चादरीसकट वर ओढलं, कुशीवर वळवलं. पाठ लाल झाली होती.

"काका, कोयता कुठाय?"

टायसकट वाडीत शिरलो, केळीचं कोवळं पान कापलं आणि पुसून तिच्या पाठीखाली अंथरलं. आमच्याकडे असंच निजवतात, पाठीला गार लागतं. मग पेज भरवली, चहा प्यालो आणि निघालो. बॅग उघडलीच नव्हती.

मॅडम शर्टावरचे चिकाचे डाग बघत राहिल्या. "फंड विकायला गेला होतात की केळी तोडायला?" मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "काका, आपण आया पुरवत नाही हो."

तरी जात राहिलो, गिऱ्हाईक पटवतोय अशी थाप मारून. दर खेपेला पान बदललं जायचं, फंड राहायचा. खरं सांगायचं तर त्या खोलीत मला परत काहीतरी नीट करता येत होतं.

मग ती गेली. मी खांदा दिला.

तेराव्यानंतर काकांचा फोन आला. "तिच्या औषधपाण्याचे पैसे पडून आहेत. ये, घाल कुठे घालायचे ते."

गेलो. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. नियमाप्रमाणे विचारावंच लागतं, म्हणून विचारलं, "काका, हे पैसे तुम्हाला परत कधी लागतील?"

त्यांनी खाटेखालच्या मोकळ्या झालेल्या फरशीकडे बघितलं. "आता कशाला लागतील रे? सही कुठे करू, सांग."

मी बोट ठेवून जागा दाखवली. माझी नोकरी टिकली.