काळी का निळी?

दूध तापवून ठेवलं की साय धरतेच, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आमच्या धारूरच्या दूध संघात किश्श्यांचंही तसंच. मी तिथं चेअरमनचा ड्रायव्हर होतो. पुढच्या सीटवर बसून कान उघडे ठेवले एवढंच माझं कर्तृत्व! पण बापूंनी गाडी घ्यायची ठरवली, त्या महिन्यात साय जरा जास्तच जाड आली.

आधी बापूंचं सांगतो. दुष्काळाच्या दोन वर्षांत आमचे चेअरमन बापू जीपमधून चारा वाहायचे. मी चालवायचो, ते मागं कडब्यावर बसायचे. जीपचा रंग कुठला होता, हे शेवटी आरटीओलाही सांगता आलं नसतं. मग पाऊस झाला, दूध वाढलं, बापूंच्या सीताफळाच्या बागा लगडल्या. वार्षिक सभेत धोंडीबामामा उठले. मामा म्हणजे मेंढरं राखणारा गडी, पण आमचा सगळ्यात जुना संचालक.

"माजा ठराव हाय. बापूला आता खाली उतरवा!"

बापू म्हणाले, "मामा, खुर्चीवरनं का?"

"न्हाई वो, जीपमधनं!"

टाळ्या थांबेनात. बापू म्हणाले, "घेतो. पण संघाची न्हाई, माज्या पैशाची."

*

सगळ्यांना वाटलं, बापू पुढाऱ्यांसारखी उंच पांढरी गाडी घेणार. पण बापू तरुणपणी शंकरपटात बैल पळवायचे. धुरळ्यात उभं राहून ज्यानं जोडी सुटताना बघितली, त्याला उंच गाडी काय गोड लागणार?

"अंकुश," ते मला म्हणाले, "उंच नको. पळणारी पायजे."

मग संभाजीनगरहून दोन गाड्या आल्या. दोन्ही परदेशी, दोन्ही बुटक्या, दोन्ही चकाकणाऱ्या. एक काळी, एक निळी. काळीबरोबर तिच्या शोरूमचे टाय लावलेले एक साहेब, निळीबरोबर दुसऱ्या कंपनीच्या स्नेहल मॅडम.

टायवाले साहेब सुरूच झाले, "सर, झिरो टू हंड्रेड, फक्त चार सेकंदांत!"

धोंडीबामामांनी विचारलं, "आन् हंड्रेडवरनं झिरो?"

"म्हणजे?"

"माजी मेंढरं रस्त्यात आसत्यात."

*

बापू गाडी बघायला लागले ते थेट बाजारात बैल बघतात तसे. मागून एक चक्कर, पुढून एक चक्कर. बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी डिकीवर थाप. खाली बसून चारी टायर बघितले. मग म्हणाले, "तोंड उघडा."

साहेबांनी घाईघाईनं बॉनेट उघडलं. बापू वाकून कितीतरी वेळ आत बघत राहिले.

"सर, इंजिनमध्ये काही स्पेसिफिक बघताय का?"

"दात!"

*

काळ्या गाडीच्या सीटला मसाज होता. साहेबांनी सुमनकाकींना, म्हणजे बापूंच्या मंडळींना, मोठ्या मानानं मागं बसवलं आणि हळूच बटण दाबलं. सरप्राइज द्यायचं होतं त्यांना.

दुसऱ्या सेकंदाला काकी किंचाळत बाहेर!

"आवो, डिकीत कोन बसवलंय? मागनं ढोसायलंय मला!"

काकींचं मत निळीला पडलं. तिच्यातही तसलंच बटण होतं, पण स्नेहल मॅडम शहाण्या. त्यांनी ते दाखवलंच नाही.

*

मग दोन्ही गाड्या आसपासच्या गावांतनं चालवून बघितल्या, तेव्हा स्पीडब्रेकरचं तर विचारूच नका. आमच्याकडं गावात शिरायला आणि गावातनं निघायला एकेक डोंगर घातलेला असतो. काळीचं पोट घासलं, निळीचंही घासलं. दर गावाला सगळ्यांनी उतरायचं, रिकामी गाडी पार करायची, परत बसायचं. तिसऱ्या गावाला मामा उतरले ते परत बसलेच नाहीत, चालायलाच लागले.

"मामा, बसा की!"

"आरं, गाडी आपल्याला नेती का आपुन गाडीला? एकदाच ठरवा, बे!"

*

तेवढ्यात संघाची मासिक बैठक आली. चाऱ्याचा विषय पाच मिनिटांत संपला. गाडी कुणाची आणि पैसे कुणाचे, पण काळी का निळी यावर संचालक दोन तास भांडले! सहा काळीकडं, सहा निळीकडं. एकानं तर सभात्याग केला, आणि चहा आल्यावर परत आला.

शेवटी बापूंनी टेबलावर हात आपटला. "बुधवारी दोन्ही गाड्या बोलवा. घाट उतरू, चढू. जी माज्या मनात भरंल ती माजी."

*

आता त्या बुधवारचं सांगतो.

दुपारी सव्वातीनला दोन्ही गाड्या संघाच्या दारात उभ्या होत्या. बापू नवं धोतर नेसून तयार. आणि तेवढ्यात धोंडीबामामा नातीला घेऊन पळत आले. सारिका तिचं नाव. मेंढरांमागं फिरत, झाडाखाली बसून शिकलेली पोरगी. तिचा जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला होता. परभणीच्या कॉलेजात त्याच दिवशी पाचच्या आत मूळ कागद दाखवायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. एक दाखला अडकला होता, तो आत्ता हातात आला होता. एसटी गेलेली. आणि परभणी म्हणजे घाट उतरून अडीच तासांचा रस्ता!

मामा धापा टाकत दाराला टेकले. सारिकाच म्हणाली, "बापू, जीप मिळंल का?"

बापूंनी जीपकडं बघितलं. जीपनं ते अंतर कापलं असतं, पण पाचला नाही, सातला.

ते काळ्या गाडीकडं वळले. "साहेब, टेस्ट ड्राइव्ह परभणीपतूर करू."

टायवाले साहेब अवघडले. "सॉरी सर. पॉलिसी आहे. दहा किलोमीटर, आणि फक्त कस्टमर." बोलताना त्यांची नजर मामांच्या चिखलाच्या वहाणांवर होती.

स्नेहल मॅडमनी एवढंच विचारलं, "किती वाजता पोचायचंय?" उत्तर ऐकायच्या आत त्यांनी ऑफिसला फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि पुढची सीट बापूंना देऊन, मामा आणि सारिकाला मागं बसवून स्वतः सारिकाशेजारी बसल्या. किल्ली माझ्या हातात दिली.

"घाट तुमच्या ओळखीचा आहे ना?"

ओळखीचा? बापूंच्या जीपवर यायच्या आधी त्या घाटातनं मी वीस वर्षं दुधाचे टँकर नेलेत, मॅडम!

घाट मी सांभाळून उतरलो. खाली तेलगाव मागं पडलं, पुढं सरळ हायवे लागला, आमच्या गावांसारखे स्पीडब्रेकर नसलेला. बापू डॅशबोर्डवर हात ठेवून बसले होते. ते हळूच म्हणाले, "सोड!"

पटात जोडी सोडताना म्हणतात ना, तसं.

मी सोडली. काटा कुठं गेलता, ते मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. बाभळी नुसत्या हिरव्या रेघा झाल्या होत्या. मॅडम एका हातानं दाराची कडी आणि दुसऱ्या हातानं सारिकाची फाइल धरून बसल्या होत्या. आणि मामा? घड्याळाकडं बघत म्हणत होते, "अंकुश, लई हळू चालती, बे!"

पाचला दहा कमी असताना आम्ही फाटकात शिरलो. गाडी थांबायच्या आधीच सारिकानं दार उघडलं आणि फाइल छातीशी धरून धावत सुटली. आम्ही चौघं बाहेर उभे. अर्ध्या तासानं ती बाहेर आली, हातात पावती. मामांनी ती आधी कपाळाला लावली, मग विचारलं, "काय लिवलंय गं?"

"डॉक्टर व्हायला या म्हनत्यात, आज्या."

मामांनी फेटा सोडला आणि त्यातच तोंड पुसलं. बापू गाडीच्या पलीकडं गेले आणि उगीच टायर बघत बसले.

पुढच्या आठवड्यात निळी गाडी संघाच्या दारात आली, अंगणभर पेढे वाटले. स्नेहल मॅडमनी कंपनीचा एक फॉर्म पाठवला होता. त्यात शेवटचा प्रश्न होता : ही गाडी निवडण्याचं मुख्य कारण काय? खाली चौकटी होत्या : वेग, आराम, सुरक्षितता, दिसणं, इतर.

बापूंनी चष्मा लावला, सगळ्या चौकटी वाचल्या, 'इतर'वर खूण केली आणि पुढं आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं :

"पोरगी वेळेवर पोचली."