डिक्कीतला कंट्रोल

पेशींचा डबा स्कूटरच्या डिक्कीत ठेवून मी शेंगाचटणीच्या दुकानात शिरलो. बायकोने सांगितलं होतं. मे महिन्याची दुपार.

"बसा की साहेब, ताजी कुटतोय," दुकानदार म्हणाला.

बसलो. पंखा छान होता.

मी कॅन्सर संशोधनाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. आमच्या पेशी सोलापूरच्या एका टोकाला वाढतात, तपासल्या जातात दुसऱ्या टोकाला. मधली वाहतूक माझ्याकडे.

पेशीला उष्णतेचा ताण बसला की ती स्वतःला सावरायला एक प्रोटीन बनवते. कॅन्सरची पेशी त्याच्या जोरावर औषधालाही दाद देत नाही. हे प्रोटीन शोधायला अँटीबॉडी लागते. ती नेमकी त्यालाच चिकटते आणि कागदासारख्या मेम्ब्रेनवर काळी रेघ उमटते. तुलनेसाठी काही पेशी आरामात ठेवतात. त्या कंट्रोल. त्यांची रेघ पुसट हवी. डब्यात त्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी रेघ आली ती डांबरासारखी. वॉटर बाथमध्ये मुद्दाम तापवलेल्या पेशींपेक्षा काळी!

प्रयोग करणाऱ्या रुखसानाचा चेहरा पडला. सोमवारी तिला पीएच.डी.च्या कमिटीपुढे उभं राहायचं होतं आणि अँटीबॉडी एका वेळेपुरतीच उरली होती.

"अँटीबॉडीच खराब," आमच्या मॅडम म्हणाल्या. "माने, कंपनीला ईमेल टाका. कडक."

विक्रेत्यांवर चिडणं मला मनापासून जमतं. दोन परिच्छेद झालेसुद्धा.

तेवढ्यात रुखसाना आली. "सर, काल पेशी कशातून आणल्या?"

"डिक्कीतून."

"थेट?"

आज जेवताना मीच तिला आग्रहाने चटणी वाढली होती.

"चटणी कालचीच ना, सर?"

"ताजी कुटत होता गं."

"सर, आपला बाथ बेचाळीस अंशांवर असतो. तुमची डिक्की त्याच्याही वर गेली असणार."

मी ईमेल पुसला.

पुढच्या खेपेला थर्माकोलचा डबा, आत थर्मामीटर, वर ओलं फडकं, आणि रिक्षा. पेशींना मानवणारे सदतीस अंश राखायला आमच्याकडे मे महिन्यात गारवा करावा लागतो. डबा मांडीवर.

"काय हाय त्यात, साहेब?" रिक्षावाल्याने विचारलं.

"पेशी."

"लई जपताय की!"

उरलीसुरली अँटीबॉडी लावली. कंट्रोलची रेघ पुसट आली. सोमवारी कमिटीनेही मान डोलावली. तेव्हापासून निकाल बिघडला की मी आधी माल आणलेली वाट तपासतो, मग माल देणाऱ्याला धरतो.

घरी हे सगळं हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही.

"डिक्कीत? मग गेल्या आठवड्यात श्रीखंड पातळ झालं म्हणून डेअरीवाल्या काकांना चारचौघांत बोललात, तेही डिक्कीतूनच आणलं होतं ना? जा, आधी त्यांची माफी मागा. आणि येताना अर्धा किलो आणा. रिक्षाने."