जानेफळला उतरलेलं वऱ्हाड

दोन अनोळखी माणसं शेजारी शेजारी गप्प बसलेली माझ्या मोठ्या नणंदेला बघवत नाहीत, आणि ताईंनी एकदा मनावर घेतलं तर अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात कोणी कोणाला अनोळखी उरणार नाही, अशी माझी खात्री आहे. मेहकरात त्या ब्लाउज शिवतात. बाई माप द्यायला येते आणि जाताना नोकरी, भाड्याची खोली नाहीतर चांगला गवंडी घेऊन जाते; ब्लाउज तेवढा वेळेवर मिळत नाही. मागे दवाखान्यात सलाईन चालू असताना ताईंनी नर्सच्या भावाला ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लावून दिलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, आराम करा." ताईंनी विचारलं, "तुमाले कम्पाउंडर पाह्यजे काय?"

पण खरी कमाल झाली पिंपळगाव राजाच्या लग्नाला जाताना. एसटीत पुढच्या सीटवरच्या मॅडम फोनवर कोणावर तरी चिडल्या होत्या. खामगावात मुलींचं वसतिगृह उघडायचं ठरलेलं आणि गाद्यावाल्यानं ऐनवेळी हात वर केलेले. ताईंचे डोळे असे चमकले की मी घाबरलेच!

"कापसाच्या चालतीन काय? जानेफळले आमचे चाचा हायत, गाद्या भरतात. चला, उतरा!"

"ताई, लग्न?" मी म्हटलं.

"थे लागते आपल्याबिगर!"

पैठणी नेसलेल्या आम्ही दोघी आणि गोंधळलेल्या मॅडम, अशी वरात चाचांच्या दारात पोचली. फोमच्या गाद्या आल्यापासून चाचांचं काम बसलं होतं. कापूस पिंजायचं यंत्र त्यांनी विकलं होतं आणि ते त्याच क्षणी टेम्पोत चढत होतं.

"उतरवा बे थे!" ताई पदर खोचून ओरडल्या. "काऊन विकून राह्यले चाचा? गिऱ्हाईक आनलं म्या!"

चाचांनी मॅडमकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि घेतलेला विसार तिथल्या तिथे परत केला. आम्हाला लग्नाचं जेवण मिळालं नाही. चाचींनी भाकरी आणि ठेचा वाढला. तसं जेवण मी पुन्हा जेवले नाही.

गाद्या वेळेत पोचल्या. मॅडमनी आणखी दोन ठिकाणी चाचांचं नाव सांगितलं. वसतिगृहाच्या उद्घाटनाला चाचा नवी टोपी घालून गेले. ताईंना बोलवायचं मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी चिडले, तर त्या हसल्या.

"अवं, त्यायचं जमलं ना? मंग आता मधात माह्यं काय काम?"

पण त्या दिवशी त्यांचं मशीन बराच वेळ बंद होतं. रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुह्या पाह्यण्यात हाय काय वं कोणी, ज्याले कोणी पाह्यजे असन?"

माझ्या पाहण्यात कोणीही नव्हतं. तरी मी म्हटलं, "हाव ताई, हाय ना एक जण."