तिरडीवरची भूमिका

लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात मी वारलो.

तसं माझं काही मरायचं वय नव्हतं. पौडजवळच्या आमच्या गावात मी चांगला धडधाकट होतो, भाताची लावणी-कापणी करत होतो आणि उरलेल्या वेळात नट होतो. (मी उरलेल्या वेळात शेतकरी आहे, असं आमचे दादा, म्हणजे वडील, म्हणत.) चैत्रातल्या जत्रेला गावात नाटक होई. माझा आवाज बारीक आणि अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मला राणी केलं. मिशी फुटली आणि राणीपद गेलं. राजा व्हायला छाती लागते, ती नव्हती. शेवटी भालदार झालो. मला एकच वाक्य होतं, "महाराज, दूत आला आहे." एका वर्षी समोरची गर्दी बघून माझी जीभ घसरली आणि मी म्हणालो, "दूता, महाराज आला आहे." महाराज झालेले पाटील सिंहासनावरूनच म्हणाले, "आला न्हाई, कवाचा बसलाय हितं." लोक इतके हसले, की पुढची अख्खी लढाई कुणाला ऐकूच आली नाही.

एवढ्या अनुभवावर मी सिनेमाची वाट बघत होतो. आणि सिनेमा खरंच आला!

भात झोडून झालं होतं. पुण्याहून एक सिनेमा कंपनी दोन जीपगाड्या आणि एक ट्रक घेऊन मुळशीच्या रस्त्याला उतरली. त्यांना एक प्रेतयात्रा काढायची होती. खांदेकरी आमच्याच गावचे घेतले होते, त्यात माझा चुलतभाऊ म्हादू सगळ्यात पुढे. मयत मात्र पुण्याचे होते, एक भारदस्त नट. तिरडी उचलून खांदेकरी थोडं अंतर चालले, मग त्यांनी ती खाली ठेवली आणि म्हादूनं मयताला नम्रपणे विचारलं, "तुमी चालत येता का पुढं?"

मयत रागावलं आणि जीपमध्ये जाऊन बसलं. डायरेक्टरसाहेब हलक्या माणसाच्या शोधात इकडेतिकडे बघू लागले. मी पुढे झालो.

"जरा डोळे मिटून पडा बरं," साहेब म्हणाले. मी पडलो. "वा! अगदी हुबेहूब!"

अभिनयाबद्दल मला मिळालेली ही पहिली शाबासकी. अजून मी काहीच केलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्या तोंडाला राखाडी रंग फासला, कपाळाला गुलाल लावला, नाकात कापूस घातला, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि मला तिरडीला बांधलं. कॅमेरा बांधावर करंजाच्या झाडाआड होता. आवाज नंतर पुण्याला भरणार होते, तेव्हा इथे कुणी काही बोललं तरी चालणार होतं. फक्त मी हलायचं नव्हतं. साहेबांनी बजावलं, की काहीही झालं तरी हलायचं नाही, फिल्म वाया जाते. मी मान डोलावली. मान डोलावली म्हणूनही त्यांनी मला सुनावलं.

आता त्याच दिवशी आमच्या घरचं काय चाललं होतं, ते सांगायला हवं. माझं लग्न मुळशीकडच्या एका गावात ठरलं होतं. मुलीचं नाव शेवंता. तिला मी एकदाच, बघायला गेलो तेव्हा पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिचे पायच पाहिले होते; मान वर करायचा मला धीर झाला नव्हता. लग्नाची तिथी धरायला दादा सकाळीच तिकडे गेले होते, आणि पिरंगुटची माझी साळूआत्या मागून एसटीनं जाणार होती. माझी आई मी रांगत असतानाच गेली. मला वाढवलं ते या आत्यानं. भाच्याचं लग्न म्हणून तिला इतका आनंद झाला होता, की पिरंगुटपासून तिनं सगळ्या एसटीला नवऱ्या मुलाचं नाव, नवरीचं गाव, सासऱ्याचं नाव आणि किती बैल आहेत तेसुद्धा सांगून टाकलं होतं.

आणि तिची एसटी नेमकी आमच्या प्रेतयात्रेला आडवी आली.

ड्रायव्हर शहाणा माणूस. त्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली. उतारूंनी हात जोडले. आत्यानंही जोडले. मग तिनं पुढचा खांदेकरी पाहिला, तो म्हादू. मागचे पाहिले, तेही आपल्याच गावचे. मग तिनं तिरडीवर पाहिलं.

मला दिसत काहीच नव्हतं. फक्त एसटीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ "गणपा रं, माझ्या वाघा!" अशी आरोळी आली. ती ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. एसटी वेळेची पक्की. थोडी थांबली, हळहळली आणि निघून गेली.

म्हादूनं खाली वाकून सांगायचा प्रयत्न केला, की आत्या, हा सिनेमा आहे. तिनं त्याच्या मुस्काटात दिली. "भाऊ मेला आन् सिनेमा म्हनतोस?" दुसऱ्या कुणी मग बोलायचं धाडस केलं नाही. बांधावरून साहेबांचा आवाज आला, "वा! चालू ठेवा! कुणी थांबू नका! मयत, हलू नका!"

आता माझी अवस्था बघा. एका बाजूला मला वाढवणारी बाई ऊर बडवते आहे आणि दुसऱ्या बाजूला डायरेक्टर "हलू नका" म्हणतो आहे. भाचा म्हणत होता, ऊठ. नट म्हणत होता, फिल्म वाया जाईल. मी नटाचं ऐकलं.

आमच्याकडे बायका रडताना गेलेल्याचे गुण गातात. माझे गुण आठवायला आत्याला थोडा वेळ लागला. मग तिनं सुरुवात केली. "बेडूक दिसला की माझ्या पदरात शिरायचास रं! मिशी फुटली तरी शिरायचास रं!" तिरडी हलायला लागली, खांदेकरी हसू दाबत होते. "राणी झालास तवा पदर सावरता येत न्हवता रं! भालदार झालास तर एक वाक्य जमलं न्हाई रं!" माझ्या सगळ्या नाट्यकारकिर्दीचा तिनं पुण्याहून आलेल्या कंपनीसमोर धडाधड आढावा घेतला. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "आईविना पोर, आता कुटं हळद लागणार हुती."

तेव्हा मात्र मयताच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आत्यानं तिरडी कमरेपर्यंत खाली घ्यायला लावली आणि माझ्या छातीवर डोकं टेकलं. टेकलं ते तिथेच ठेवलं. रडणं थांबलं. बराच वेळ ती कान लावून ऐकत होती. मग ताठ उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "खाली ठेवा ह्याला. जित्ता हाय."

मी डोळे उघडून नाकातल्या कापसातून "आत्या" म्हणालो. तिनं माझ्या गळ्यातला हार काढला आणि त्याच हारानं मला बडवायला सुरुवात केली. मी बांधलेला असल्यामुळे तिला काही अडचण आली नाही. डायरेक्टरसाहेब धावत आले ते तिच्या पाया पडायला. इतकं खरं रडणं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं म्हणे. आत्याला त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. तिला एकदम वेगळंच आठवलं.

"एसटी कुटं गेली?" ती म्हणाली.

एसटी माझ्या सासरवाडीला गेली होती. आत्यानं सगळा पत्ता दिलेलाच होता, त्यामुळे उतारूंना काही शोधावं लागलं नाही. दादा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांबरोबर पंगतीला बसले होते, तिथी धरून झाली होती, आणि चार माणसं ओसरीत येऊन म्हणाली, की ज्या गणपतचं लग्न आहे त्याला आत्ताच रस्त्यानं नेताना पाहिलं. दादा म्हणाले, असं कसं होईल, सकाळी भाकरी खाऊन निघालाय. पण खांदेकऱ्यांचं वर्णन ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातला घास ताटात पडला.

इकडे साहेबांनी जीप दिली. तोंड धुवायला वेळ नव्हता. मी आणि आत्या निघालो. अर्ध्या वाटेवर समोरून एक बैलगाडी येताना दिसली. दादा, सासरे आणि शेजारची काही माणसं माझ्या मयताला निघाली होती. मला वाटलं, लांबूनच धीर द्यावा. म्हणून मी चालत्या जीपमध्ये उभा राहिलो आणि राखाडी तोंडानं, गुलाल लावलेल्या कपाळानं, दोन्ही हात हलवत ओरडलो, "मी आलो!"

गाडीतली माणसं दोन्ही बाजूंनी शेतात उतरली. बैल तिसरीकडेच गेले. गाडीत एकटे दादा राहिले. बैल एका बांधाशी अडले तेव्हा मी धावत तिथे पोचलो. दादांनी माझ्या गालाला हात लावला, बोटाला आलेला रंग पाहिला, पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, "नाकातलं काड ते."

एवढंच. पुढे आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

पण सासरे बोलले. त्यांनी लग्नच मोडलं. जिवंतपणी तिरडीवर चढलेल्या माणसाला मुलगी देणार नाही, असं त्यांनी तिथेच भाताच्या खुंटांत उभं राहून सांगितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी घरी जाऊन तोंड धुतलं. रंग निघाला, पण तोंड तसंच राहिलं.

दोन दिवसांनी आत्या मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. ज्याच्या मरणाची खोटी बातमी उठते त्याचं आयुष्य वाढतं, असं तिनं सासऱ्यांना परोपरीनं समजावलं. ते ऐकेनात. गावातली माणसं जमली होती. ती मला बघायला आली होती की माझी सावली पडते का ते बघायला, कोण जाणे. सासरे शेवटचं नाही म्हणणार, तेवढ्यात आतून शेवंताचा आवाज आला. ती दाराच्या आड उभी होती.

"आबा, त्यो मेला म्हनून कळलं तवा लोक म्हनले, पोरीच्या पायगुणानं मेला. तुमी कायबी बोलला न्हाई. आता जित्ता आलाय, तर त्योबी माझ्याच पायगुणानं आला म्हना."

सासऱ्यांनी आत्याला विचारलं, की तिथी तीच ठेवायची की दुसरी बघायची. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर केली.

लग्न झालं. मी भालदार व्हायचंही सोडलं, कारण आता मी सिनेनट होतो. वर्षा-दीड वर्षानं तो सिनेमा पौडला तंबूत लागला तेव्हा मी शेवंता, दादा, आत्या आणि अर्धा गाव घेऊन गेलो. सगळ्यांना सांगितलं होतं, की माझ्या तोंडाकडे लक्ष ठेवा, मेल्यावरही डोळ्यांत पाणी आणलंय.

प्रेतयात्रा आली. आधी दिसले तिरडीच्या टोकाला माझे दोन तळवे, भेगांसकट. मग आत्या आली ती पडदाभर! ती रडली, तंबू रडला, दादाही रडले, आत्या स्वतःलाच बघून रडली. माझं तोंड काही येईना. पुढे येईल म्हणून मी बाकावर उभा राहिलो, आणखी टाचा उंचावल्या, आणि बघतो तो पडद्यावर खरंच माझं डोकं आलं. काळंभोर, भलं मोठं, आत्याच्या बरोबर तोंडावर.

मागून कुणीतरी ओरडलं, "ए, डोस्कं खाली घे! चांगल्या माणसाचं काम दिसू दे!"