लाल बादलीचा ग्रुप

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही तासभर. पण गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे किस्से? त्यांना कसली आलीय पाळी, ते रोज टाकी भरून वाहतात! मला अक्षरओळख नाय. मी सांगते, सून लिहिते.

ग्रुपची ॲडमिन समोरची नंदा. दिवसभर मशीनवर पिको-फॉल करती. ग्रुप काढला तवाच तिनं बजावलं, "इथं फक्त पाण्याचं बोलायचं. ज्याच्या नळाला आधी येईल त्यानं कळवायचं. दुसरं काय टाकलं, तर एक पाळी ग्रुपच्या बाहेर!"

बोलायला गोड, पण करायला लई कडक पोरगी.

*

पहिले बाहेर गेले कदमकाका. रिटायर माणूस. रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकायचे, "गुड मॉर्निंग!" त्यांचं बघून बाकीचेही सुरू. एकदा त्या गुलाबांच्या ढिगाखाली पाण्याचा मेसेजच दबला. गल्लीतल्याच रझियाच्या घरी पाव्हणे, अन् पिंप कोरडं ठणठणीत!

नंदानं काकांना काढलं. काका तरातरा तिच्या दारात. "मी काय शिवी दिली का कुणाला?"

"नाय काका, फूल दिलं. पण रझियाभाभीनं पाव्हण्यांना आंघोळीला काय द्यायचं, गुलाब?"

पुढच्या पाळीला काका परत ग्रुपात आले. पण नंदाशी बोलणं बंद म्हणजे बंद. वरीस झालं!

*

मला मेसेज वाचता येईना. नंदा म्हणाली, "आजीसाठी नियम. पाणी आलं की आधी लाल बादलीचा फोटो टाकायचा."

बादली दिसली की मी नळाकडं पळते. आता शिकलेलेबी वाचायचे बंद झालेत. नुसती बादली बघून पळतात!

*

एकीनं ग्रुपवर नाव घेऊन टाकलं, "अमकी नळाला मोटर लावून पाणी ओढती." नंदानं मेसेज तिथल्या तिथं पुसला अन् मोटरवालीकडं चहाला गेली.

पुढच्या पाळीला मोटरवाली नंदाच्या नळापाशी उभी. आमची घरं गल्लीच्या टोकाला. नळाची धार करंगळीएवढी. बाई बघतच राहिली. तवापासून मोटर बंद!

मी विचारलं, "काय सांगितलंस गं तिला?"

"काय नाय आजी. म्हणलं, एकदा आमच्याकडं पाणी बघायला या."

*

मागच्या आठवड्यात नंदाच्या नवऱ्यानं ग्रुपवर कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फोटो टाकला. नंदानं त्यालाबी काढलं. तो तिच्यासमोरच भाकर खात बसलेला!

"अगं, मी इथंच बसलोय. तोंडानं सांग की!"

"तोंडानं घरातलं सांगते. ग्रुपचं ग्रुपात."

*

अन् दोनच दिवसांनी तिचाच हात चुकला. तिच्या लेकीचा साखरपुडा. पत्रिका पाठवायची होती बहिणीला, गेली पाण्याच्या ग्रुपवर! नंदानं लगेच रझियाला ॲडमिन केलं अन् स्वतः बाहेर पडली.

मी म्हणलं, "अगं, घरात कार्य. पन्नास माणूस जेवायला. नवरा आधीच बाहेर. पाणी आलेलं तुला कळणार कसं? ही पाळी हुकली तर?"

"आजी, काकांना गुलाबापायी काढलं. मला पत्रिकेपायी नको?"

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर बादली आली. नंदाच्या दारातून मशीनचा खडखडाट चाललेला, लेकीच्या ब्लाऊजचं शेवटचं काम. मी तिला हाक मारायला दार उघडलं, तर तिच्या पायरीवर आधीच कुणीतरी उभं. कदमकाका! धापा टाकत कडी वाजवत होते.

नंदानं दार उघडलं. काकांनी हातातली लाल बादली उचलून तिच्या तोंडासमोर धरली अन् म्हणाले,

"गुड मॉर्निंग!"